लेपिडोझामिया होपेई: क्वीन्सलँडच्या वर्षावनातला सर्वांत उंच सायकड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

केर्न्सला राहायला आल्यापासून दर सुट्टीत कोणी ना कोणी पाहुणे असतात. पुण्याचे, डोंबिवलीचे, मेलबर्नचेही. त्यांना रानात घेऊन गेलं की एका झाडापाशी हमखास थांबणं होतं आणि घरी परतल्यावर फोटोसकट प्रश्न येत राहतात. तेच प्रश्न इथे एका जागी लिहिले आहेत. उत्तरं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोटोतलं हे नारळासारखं झाड नेमकं कोणतं?

लेपिडोझामिया होपेई. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यात, क्वीन्सलँडच्या ओल्या उष्ण प्रदेशातच ते निसर्गतः सापडतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. हा सायकड आहे. तुमच्या सोसायटीच्या दारात कुंडीत जो सायकस असतो, त्याच मोठ्या गोतावळ्यातला, पण वेगळ्या कुलातला. सायकस हा सायकेडेसी कुलातला आणि हा झामिएसी कुलातला.

सरळ, बहुधा बिनफांद्यांचं खोड, त्यावर गळालेल्या पानांच्या देठांचे खवले आणि माथ्यावर दोन-तीन मीटर लांबीच्या गडद, चकचकीत पानांचा झुबका. पानाच्या मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी लांबट पर्णिका. पर्णिकांच्या कडा गुळगुळीत असतात, काटा कुठेच नाही. आफ्रिकेतले त्याचे भाऊबंद हात लावू देत नाहीत, याच्या पानावरून मात्र खुशाल हात फिरवावा.

२. म्हणजे तो पाम नाही? नेचाही नाही?

दोन्ही नाही. नारळ, सुपारी, भेर्ली माड ही फुलणारी झाडं आहेत, त्यांना फूल येतं आणि फळात बी धरतं. सायकडला फूलच येत नाही. त्याचं बी फळात झाकलेलं नसतं, शंकूच्या खवल्यावर उघडं धरतं. शाळेत आपण ‘अनावृत्तबीजी’ म्हणून जो गट शिकलो त्यातला तो आहे, म्हणजे नात्याने देवदार-पाइनच्या जवळचा. नेच्याला तर बीच नसतं, बीजाणू असतात.

नेच्याची आठवण मात्र उगीच होत नाही. पराग बीजांडापर्यंत पोचला की त्यातून पोहणारा शुक्राणू बाहेर पडतो आणि बीजांडातल्या थेंबभर द्रवातून पोहत जातो, नेच्यांमध्ये होतं तसंच. सायकडमधली ही गोष्ट पहिल्यांदा दिसली १८९६ साली, जपानमध्ये, सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्ये. झाडांमधले सर्वांत मोठे शुक्राणू सायकडचेच. काही जातींत ते नुसत्या डोळ्यांनाही बारीक ठिपक्यासारखे दिसतात.

३. ‘होपेई’ हे नाव कशावरून?

कॅप्टन लुई होप यांच्यावरून. ब्रिस्बेनजवळ ऑर्मिस्टनला त्यांनी १८६०च्या दशकात ऊस लावला आणि साखर काढली. क्वीन्सलँडच्या साखर उद्योगाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. ब्रिस्बेनच्या वनस्पती उद्यानाचे पहिले प्रमुख वॉल्टर हिल यांनी १८६५ साली या झाडाला ‘कॅटाकिडोझामिया होपेई’ म्हटलं. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या एदुआर्द रेगेल यांनी १८७६ मध्ये ते लेपिडोझामिया प्रजातीत आणलं. ‘लेपिडो’ म्हणजे खवला. खोडावरच्या खवल्यांवरून ते नाव पडलं.

मला यातली एक गोष्ट दर वेळी टोचते. ज्या सखल रानात हे झाड वाढायचं, त्यातलं बरंचसं रान पुढच्या काळात उसासाठीच तोडलं गेलं. आज केर्न्सहून दक्षिणेला इनिसफेलकडे किंवा उत्तरेला मॉसमनकडे गाडीने जाताना दोन्ही हातांना ऊसच ऊस दिसतो, आपल्या सांगली-कोल्हापुरासारखा, आणि त्यामागे डोंगराच्या उतारापासून काळपट हिरवं रान सुरू होतं. ती रेष कुठे आहे हे लांबूनही कळतं. (उरलेल्या रानाचं काय, ते प्रश्न १४ मध्ये.)

४. ते किती उंच होतं? आणि वय?

आज हयात असलेल्या सायकडांत सर्वांत उंच होणारी जाती हीच. पंधरा मीटरच्या पुढे गेलेली झाडं आहेत आणि नोंदी वीस मीटरपर्यंतच्या आहेत. सात मजली इमारतीची गच्ची धरा. मेक्सिकोच्या वर्षावनातला डायून स्पिन्युलोसम याच्या जवळपास पोचतो. पण वाटेवर दिसणारी बहुतेक झाडं कंबरेएवढी ते दोन पुरुष उंच असतात. त्यांना लहान समजू नका.

वयाचं म्हणाल तर सागाचा बुंधा कापून वर्तुळं मोजावीत तसं इथे होत नाही. सायकडचं लाकूड मऊ, भुसभुशीत असतं, त्यात वर्षाची वलयं पडत नाहीत. वाढ किती सावकाश असते याची कल्पना यावी म्हणून एका वेगळ्या जातीचं उदाहरण देते. लंडनच्या क्यू उद्यानात आफ्रिकेतला एन्सेफॅलार्टॉस नावाचा एक सायकड आहे, १७७५ साली आणलेला, अजून कुंडीतच. अडीचशे वर्षांत त्याचं खोड चार मीटरच्या थोडं पुढे गेलं आहे. या झाडाला तोच हिशेब लावू नका, कारण कुंडी आणि रान यांत फार फरक पडतो. पण दहा मीटरच्या झाडाखाली उभं राहिलात तर आपल्या किती पिढ्या मागे जातात याचा विचार जरूर करा.

५. त्याचं नैसर्गिक घर नक्की कुठे? नकाशावर दाखवता येईल?

दक्षिणेला रॉकिंगहॅम बे, म्हणजे कार्डवेल गावाजवळचा किनारा, आणि उत्तरेला ब्लूमफील्ड नदी. सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर, मुंबईपासून राजापूरपर्यंतच्या किनाऱ्याएवढा पट्टा. रुंदी त्या मानाने कमी, कारण किनाऱ्याला लागूनच डोंगर चढतात आणि त्यांच्या पलीकडे थोड्याच अंतरावर कोरडं, विरळ निलगिरीचं रान लागतं. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत हे झाड आढळतं.

कोकणातल्या माणसाला हा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. समुद्र, सपाटीची चिंचोळी पट्टी, लगेच घाट, घाटाला अडलेले ढग. फक्त इथे समुद्र पूर्वेला आहे आणि मोठा पाऊस डिसेंबर ते एप्रिलमध्ये पडतो. क्वीन्सलँडचं सर्वांत उंच शिखर बार्टल फ्रीअर १,६२२ मीटरचं, कळसूबाईपेक्षा थोडंसं कमी. शेजारच्या बेलेंडन केरच्या माथ्यावर वर्षाला सरासरी ८,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पायथ्याच्या बाबिंडा गावात ४,०००च्या वर.

खरा फरक पावसाच्या वाटणीत आहे. आपल्या आंबोलीत बाबिंडापेक्षा जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि मग मेपर्यंत जमीन तहानलेली. बाबिंडाला जून-जुलैच्या थंडीतही सरी येत राहतात. माती पूर्ण सुकत नाही, ओढे आटत नाहीत. हे झाड त्या न आटणाऱ्या ओलीवर जगतं. ओढ्याच्या काठाने, घळीच्या उतारावर, पाणी साचत नाही पण ओल टिकते अशा जागी ते जास्त दिसतं.

हा सगळा मुलूख ‘वेट ट्रॉपिक्स’ नावाने १९८८ साली जागतिक वारसा यादीत आला. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर. तिथले मूळ रहिवासी त्याआधी हजारो वर्षांपासून तिथे आहेत. २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्वेकडच्या कुकू यलंजी लोकांकडे परत देण्यात आली.

६. इतक्या दाट रानात त्याला ऊन कसं मिळतं?

थोडंच मिळतं, आणि तेवढ्यावर भागवायची त्याची तयारी असते. सावलीतल्या झाडाची पानं लांब, पसरट आणि आडवी, वरून झिरपलेला प्रत्येक कवडसा धरायला. एक पान वर्षानुवर्षं टिकतं. नवी पानं एकेक न येता सगळी एकदम झुबक्याने येतात. काही दिवस माथ्यावर पोपटी छत्री आणि खाली जुन्या पानांची काळी-हिरवी, असं दिसतं. ते दृश्य तुम्हाला मिळालं तर नशीब समजा.

खताची सोयही झाडानेच केली आहे. जमिनीच्या वरच्या थरात त्याची काही मुळं वर वळून गुच्छ करतात. ती पोवळ्यासारखी दिसतात, म्हणून त्यांना प्रवाळमुळं म्हणतात. त्यांच्या आत नीलहरित शैवाल राहतं आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात देतं. आपल्या तुरी-मुगाच्या मुळांवरच्या गाठीसारखीच व्यवस्था, फक्त भाडेकरू वेगळा. पावसाने धुऊन निघणाऱ्या मातीत हा मोठा आधार आहे.

७. नर कोणता, मादी कोणती? कसं ओळखायचं?

शंकू आल्याशिवाय ओळखता येत नाही. पानांवरून, उंचीवरून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एका झाडावर एकच लिंग असतं.

नर शंकू लांबट, दंडगोल, २५ ते ७० सेंटिमीटरचा, पराग सांडून झाला की सुकून जातो. मादी शंकू जाडजूड, पिंपासारखा, ४० ते ८० सेंटिमीटर लांब. त्याच्या प्रत्येक खवल्यावर दोन बिया. पिकला की तो झाडावरच सुटा होतो आणि चार ते सहा सेंटिमीटरच्या लाल बिया खाली पडतात. ओल्या काळ्या पाचोळ्यात त्या अशा उठून दिसतात की पहिल्यांदा मला वाटलं कोणाच्या पिशवीतून फळं सांडली. उचलण्यापूर्वी प्रश्न १० वाचा.

८. वारा नसलेल्या रानात पराग मादीपर्यंत जातो कसा?

सोंडे नेतात. हो, तांदळात-गव्हात होतात त्यांच्याच जातकुळीतले, पण सायकडशिवाय दुसरीकडे न राहणारे. ते नर शंकूत घर करतात, तिथेच खातात, अंडी घालतात, अळ्या तिथेच वाढतात आणि अंगाला पराग फासून ते मादी शंकूला भेट देऊन येतात. अनावृत्तबीजी म्हणजे वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं, हे पाइनमुळे डोक्यात बसलेलं असतं. सायकडबाबत ते खोटं ठरलं आहे. याच्या दक्षिणेकडच्या सख्ख्या भावावर (प्रश्न १३) प्रयोग करून २००४ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. कीटकांना शंकूपर्यंत येऊ दिलं नाही तर बी धरत नाही.

पराग सोडायच्या दिवसांत सायकडचे शंकू गरम होतात आणि त्यांचा वास बदलतो. मॅक्रोझामिया या त्याच्या नातलगात २००७ मध्ये आयरीन टेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नर शंकू तापून असा उग्र वास सोडतो की कीटक बाहेर पडतात, आणि मग मादीच्या सौम्य वासाकडे वळतात. आधी हाकलायचं, मग बोलवायचं. वासावर चालणारा हा व्यवहार वाचल्यापासून मी कुठल्याही सायकडच्या शंकूजवळ संध्याकाळी नाक नेल्याशिवाय राहत नाही.

९. बाग एकाच झाडाची आहे. त्याला बी आलं, ते पेरू का?

तुमच्या बागेतला सायकस असो की हा, उत्तर तेच. एकटी मादी असेल आणि आसपास नर नसेल, तरीही काही सायकडांत बिया मोठ्या होतात, रंग घेतात, कडक कवचही धरतात. आत गर्भ नसतो. शंका असेल तर वरचा गर काढून बी पाण्यात टाका. तरंगणारं बहुधा फोल असतं, बुडालेलं पेरून पाहावं, तरी खात्री नाही.

एकटेपणाचं सर्वांत दुःखद उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. एन्सेफॅलार्टॉस वूडी या जातीचं एकच रोप, तेही नर, १८९५ साली न्गोये रानात जॉन मेडली वूड यांना मिळालं. मादी आजवर सापडलेली नाही. जगभरच्या उद्यानांत जी झाडं आहेत ती सगळी त्या एकाचीच पिल्लं, फुटव्यांपासून केलेली.

१०. बिया विषारी असतात का? मुलाने हातात घेतली होती.

हातात घेतल्याने घाबरायचं कारण नाही. साबणाने हात धुवा. पोटात गेली तर मात्र थांबू नका, बी किंवा तिचा फोटो घेऊन थेट दवाखाना गाठा. सायकडांच्या बियांत सायकेसिन, मॅक्रोझामिन ही विषद्रव्यं असतात. उलट्या-जुलाब लगेच दिसतात, यकृताला इजा नंतर होते. पानं, खोड, मुळं हेही निर्धोक नाहीत. कुत्रा असेल तर विशेष जपा. घरातल्या सायकसच्या बिया चघळून कुत्री दगावतात.

याच किनाऱ्यावरची १७७० सालची गोष्ट नोंदलेली आहे. जेम्स कुकचं जहाज दुरुस्तीसाठी आजच्या कुकटाउनजवळ थांबलं होतं. स्थानिक लोकांच्या चुलींपाशी सायकसच्या बियांची टरफलं पाहून खलाशांनी त्या खाल्ल्या आणि वरून-खालून दोन्हीकडून हैराण झाले. जहाजावरच्या डुकरांना घातल्या, तर डुकरं मेली. ही हकिकत जहाजावरचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी लिहून ठेवली आहे. प्रश्न ४ मधल्या क्यूच्या झाडाला १८१९ मध्ये शंकू आला, तेव्हा तो पाहायला गेलेले बँक्स हेच.

११. मग इथले आदिवासी त्याच बिया खायचे कसे?

कष्टाने. खलाशांना टरफलं दिसली, त्यामागचं काम दिसलं नाही. बिया भाजायच्या, फोडायच्या, गर किसून किंवा ठेचून टोपलीत भरायचा आणि ती टोपली वाहत्या ओढ्यात ठेवायची, विष पाण्यात उतरून वाहून जाईपर्यंत. मग त्या पिठाची भाकर निखाऱ्यावर. या रानातल्या लोकांची दोन शिंगांची वेताची टोपली प्रसिद्ध आहे, ‘जावुन’ म्हणतात तिला. ती याच कामाची. वेतही याच रानातला, त्याचे आकडे कपड्यात अडकले की माणूस जागेवर थांबतो.

सह्याद्रीतही कडू करांदे राखेत उकडून, ओढ्याच्या पाण्यात ठेवून खाण्याजोगे करणारी माणसं आहेत. ज्यांनी आजीला ते करताना पाहिलं आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. किती वेळ, किती पाणी, कोणत्या महिन्यातलं बी, हे ज्ञान पिढ्यांनी जपलेलं आहे. म्हणूनच ‘घरी करून पाहू का?’ या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

१२. याला ‘सागो’ म्हणतात ना? उपवासाचा साबुदाणा याचाच का?

नाही. दरवर्षी आषाढीच्या सुमारास हा प्रश्न येतोच! मूळचा सागो आग्नेय आशियातल्या मेट्रोझायलॉन नावाच्या खऱ्या पामच्या गाभ्यातून काढतात. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तो मुख्यतः तमिळनाडूत सेलमकडे होतो. कुंडीतल्या सायकसला ‘सागो पाम’ म्हणतात, कारण त्याच्या खोडातूनही काही ठिकाणी पीठ काढत. त्या नावामुळे हा घोळ. सायकडचं काहीही खिचडीत जात नाही.

१३. सिडनीत बागेत असंच झाड पाहिलं. तेही होपेईच?

बहुधा पेरॉफ्स्कियाना असेल. लेपिडोझामिया प्रजातीत आज दोनच जाती आहेत, त्यातली ही दुसरी. ती मूळची उत्तर न्यू साउथ वेल्स आणि आग्नेय क्वीन्सलँडची, तुलनेने थंडी सोसणारी, म्हणून बागांतून जास्त लावतात. पर्णिकेची रुंदी पाहा. होपेईची दीड ते तीन सेंटिमीटर, पेरॉफ्स्कियानाची जेमतेम सेंटिमीटरभर. बोटाची रुंदी आडवी धरून पाहिलं तरी कळतं.

सायकस आणि लेपिडोझामिया यांत गोंधळ होत असेल तर पर्णिका उजेडाकडे धरा. सायकसच्या पर्णिकेत मधोमध एकच ठळक शीर असते. लेपिडोझामियात मधली शीर नसते, केळीच्या सोपटावर असाव्यात तशा अनेक समांतर रेघा दिसतात.

१४. ही जाती धोक्यात आहे का?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती ‘कमी चिंतेची’ आहे. तिच्या रानाचा मोठा भाग संरक्षित आहे म्हणून. जगातल्या बहुतेक सायकडांच्या नशिबी हे नाही. सजीवांच्या सर्वांत संकटग्रस्त गटांत सायकड मोडतात, आणि कारण बहुतेक वेळा चोरी आणि जंगलतोड.

पण ‘कमी चिंता’ वाचून निवांत होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. सखल भागातलं रान एकदा उसाखाली गेलं ते गेलं (प्रश्न ३). उरलेले तुकडे एकमेकांपासून तुटलेले आहेत आणि बी तर बहुतेक आईच्या पायाशीच पडतं. लाल गर खाऊन बी टाकून देणारे प्राणी नेतील तेवढंच लांब. इतक्या सावकाश वाढणाऱ्या झाडाची एक पिढी गेली तर ती भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

१५. हे डायनासोरच्या काळातलं झाड आहे असं गाइडने सांगितलं. खरं का?

अर्धं खरं. सायकडांचा वंश फार जुना, पर्मियन काळापासून, पंचवीस कोटी वर्षांहून जास्त. डायनासोर होते तेव्हा सायकड होतेच. पण आज दिसणाऱ्या जाती त्या वेळच्या नाहीत. नॅथली नागलिंगम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जनुकांवरून मांडलं की आजच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे एक कोटी वीस लाख वर्षांतल्या. घराणं जुनं, नातवंडं नवी.

लेपिडोझामियापुरतं सांगायचं तर व्हिक्टोरियात, म्हणजे आजच्या वितरणापासून फार दूर दक्षिणेला, होपेईसारख्या पानांचे जीवाश्म मिळाले. इझाबेल कुकसन यांनी त्यांचं वर्णन केलं, आणि या साम्यामुळेच आज त्यांना लेपिडोझामिया होपेइटिस म्हणतात. खंड कोरडा होत गेला तशी वर्षावनं आक्रसली आणि हे झाड ईशान्येच्या ओल्या कोपऱ्यात उरलं.

याला जोडून येणारा प्रश्न: झारखंडातल्या राजमहल टेकड्यांत सापडलेले ‘सायकड’ याचेच पूर्वज का? नाहीत. बिरबल सहानी यांनी १९३२ मध्ये ज्याची रचना उभी केली ते विल्यमसोनिया सायकडसारखं दिसायचं, पण बेनेटायटेलीझ नावाच्या वेगळ्या, आता नष्ट झालेल्या गटातलं होतं.

१६. सह्याद्रीत असं काही आहे का?

लेपिडोझामिया नाही. भारतात निसर्गतः फक्त सायकस प्रजातीच्या जाती आहेत. पश्चिम घाटात सायकस सर्सिनॅलिस, मराठीत ‘मलबारी सुपारी’, केरळपासून महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापर्यंत. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीडच्या ‘होर्टस मलाबारिकस’ या वनस्पतिग्रंथात ‘तोड्डा पन्ना’ या नावाने तिचं चित्र आलं आहे. मलबारात तिच्या बियांचं पीठ अजून करतात, तेही विष काढूनच. ती मात्र संकटग्रस्त आहे. तिरुमलाच्या डोंगरातली सायकस बेडोमी तर साइटिसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात आहे. क्वीन्सलँडचं झाड पाहून भारावलेल्या प्रत्येकाला मी आधी हीच नावं सांगते.

१७. दोन बिया भारतात आणू का? खाली पडलेल्याच आहेत.

नको. राष्ट्रीय उद्यानातून पडलेलं पानसुद्धा उचलायचं नाही. शिवाय सर्व सायकड साइटिस करारात आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय रोप देशाबाहेर नेणं गुन्हा ठरतो, आणि भारतात उतरल्यावर वनस्पती-विलगीकरणाचे नियम वेगळे.

१८. ऑस्ट्रेलियात राहतो, रोपवाटिकेतून बी घेतलं आहे. कसं लावू?

हातमोजे घालून गर काढा. खडबडीत वाळू आणि कुजलेल्या पानांचं भुसभुशीत मिश्रण घ्या, बी आडवं ठेवून अर्धं बुजवा, सावलीत ठेवा, ओल राखा पण पाणी साचू देऊ नका. आणि मग हात लावू नका. बी गळून पडतं तेव्हा आतला गर्भ बहुधा पूर्ण वाढलेला नसतो. त्याला महिनोन्‌महिने लागतात.

हे मी पोळून शिकले. पहिलं बी सात महिने तसंच होतं. मेलं असेल म्हणून मी बोटाने उकरलं. बी उचललं तर खालून पांढरं, पेन्सिलीएवढं जाड मूळ निघालं होतं, आणि ते माझ्या हातातच मोडलं. सायकडचं मूळ आधी खाली जातं, पान फार नंतर वर येतं. वर काही दिसत नाही तेव्हाच खाली सगळं चाललेलं असतं. ते मोडलेलं मूळ अजून डोळ्यांपुढे आहे.

कोकणातल्या ओल्या, सावलीच्या वाडीत अशी झाडं जगतील का, असं विचारतात. ऊब आणि दमटपणा आहे, पण प्रश्न ५ मधला फरक लक्षात घ्या. नोव्हेंबर ते मे पाणी द्यावं लागेल.

१९. पुण्यात आमच्या सायकसची कोवळी पानं दर वेळी कोणीतरी खातं. हाही सायकडचा रोग का?

रोग नाही, फुलपाखरू. प्लेन्स क्युपिड नावाचं लहानसं निळं फुलपाखरू कोवळ्या पानांवर अंडी घालतं. अळ्या पान उलगडण्याआधीच ते कुरतडतात. त्यांच्याभोवती मुंग्या दिसतील, अळीच्या अंगातल्या गोड स्रावासाठी त्या राखण करतात. नवा झुबका येताना तीन-चार आठवडे जाळीचं कापड बांधा. पान कडक झालं की ते खात नाहीत. औषध फवारायची घाई नको.

२०. केर्न्सला येतोय. कुठे आणि कधी पाहू?

वेळ कमी असेल तर शहरातच एज हिलला वनस्पती उद्यान आहे, तिथे सायकड पाहायला मिळतात. रानातलं झाड पाहायचं तर डेनट्रीकडे जा, मॉसमन घळ किंवा नदीपलीकडे केप ट्रिब्युलेशनच्या लाकडी पायवाटा. मे ते ऑक्टोबर बरा.

पायवाट सोडू नका. जिम्पी-जिम्पी नावाचं झुडूप आहे, पान हृदयाच्या आकाराचं, मखमली, हात लावावासं वाटणारं. त्याची काचेसारखी कुसं कातडीत रुतली की आपली खाजकुयली काहीच नाही. दुखणं महिनोन्‌महिने परत परत उठतं. ओढ्यांत मगरी आहेत. जळू चिकटली तर मीठ टाकलं की सुटते.

२१. वादळात आडवं पडलेलं एक झाड पाहिलं. ते मेलं का?

हा सर्वांत अवघड प्रश्न, कारण लगेच उत्तर देता येत नाही. या किनाऱ्यावर २००६ मध्ये लॅरी, २०११ मध्ये यासी, डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर अशी मोठी वादळं आली. सायकडला फांद्या नसतात, वाऱ्याला धरायला फार काही नसतं, तरी शेजारचं मोठं झाड अंगावर आलं की तोही पडतो. मुळांचा थोडा भाग मातीत राहिला आणि शेंडा शाबूत असला तर सायकड जमिनीवर पडल्या-पडल्याही वाढू शकतो. शेंडा सावकाश वर वळतो. खोडाला इजा झाली तर कधी बाजूने फुटवाही येतो.

ज्या ओढ्यापाशी मी पाहुण्यांना नेते, तिथे असं एक खोड आहे. चारेक मीटर आडवं, शेवाळलेलं, अर्धं पाचोळ्यात, कोणीही ओंडका समजून त्यावर बसेल. त्याच्या टोकाला वीतभर भाग काटकोनात वर वळला आहे आणि त्यावर सहा पानं आहेत. गेल्या पावसाळ्यात पाच होती.